बिबट्या समोर आला आणि माझा पुतळा झाला

पाटावरचा_बापू :
लिहू का नको करत पंधरा दिवस घालवले, आज लिहूनच टाकतो. नाशिकजवळच्या मखमलाबादहून पाटाच्या कडेच्या रस्त्यानं घरी येत होतो, संध्याकाळचे पावणेआठ झाले असतील, मागं भाचा बसलेला, वय वर्षं नऊ. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला ऊस. वळणावर ॲक्टिव्हाच्या लाईटमध्ये बिबट्या. रस्त्याच्या मधोमध. वीसेक फूट असेल. आणि मी काय केलं तर काहीच नाही. दोन्ही ब्रेक दाबून धरले आणि बसलो. हॉर्न नाही, ओरडणं नाही, गाडी वळवणं नाही. भाचा पाठीवर बुक्क्या मारत होता म्हणे, मला एकही बुक्की आठवत नाही. बिबट्यानं आमच्याकडं बघितलं, आणि आपण मैलाच्या दगडाकडं बघून पुढं जातो तसा उतरून उसात गेला. घरी पोचल्यावर मात्र हात असे थरथरायला लागले की चावी कुलपात जाईना.

आता प्रश्न दोन. एक, मी पळालो का नाही? लहानपणापासून ऐकतोय की भीती वाटली की माणूस एकतर लढतो नाहीतर पळतो, मी तर दोन्हीतलं काहीच केलं नाही आणि मागं पोरगं होतं राव. घरात "मामाचा पुतळा झाला" हा आता कायमचा जोक आहे, मी पण हसतो, पण रात्री आडवं झालं की त्यानं झेप घेतली असती तर, हेच. दुसरा प्रश्न जास्त विचित्र आहे. बिबट्याचे फोटो व्हॉट्सॲपवर रोज येतात, मला काही होत नाही. पण विहिरीवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की पोटात गोळा येतो, कारण तेव्हा शेजारच्या मळ्यात मोटार चालू होती. मोटारीनं माझं काय घोडं मारलंय? कुणाला कळत असेल तर सांगा. "देवाचं नाव घ्या" नको, ते आईनं करून झालंय, मीठ-मोहऱ्या पण ओवाळून झाल्या.

मिसळीत_पाव :
नशीब समज सेल्फी काढायला उतरला नाहीस, आमच्या एरियात बिबट्या आला होता तेव्हा लोक पोरांना खांद्यावर घेऊन बघायला आले होते.

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
बापू, आधी एक सांगते. बिबट्या दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली बसू नका हे वनखात्याची माणसं गावोगाव सांगत असतात. म्हणजे तू केलंस ते नियमात बसतं, फक्त ते तू ठरवून केलं नाहीस एवढंच. (वीस वर्षं नर्सिंगच्या मुलींना मज्जासंस्था शिकवतेय त्यामुळं लांबण लागणार, चहा घेऊन बसा.)

कानशिलाच्या आत खोलवर दोन्ही बाजूंना एकेक बदामाएवढा पुंजका असतो, अमिग्डाला. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थच बदाम. डोळ्या-कानांकडून आलेली बातमी याच्या बाहेरच्या अंगाला उतरते आणि मधल्या अंगातून हुकूम सुटतात. एक हुकूम हायपोथॅलॅमसला (शरीराची आतली कामं सांभाळणारा मेंदूच्या तळाचा भाग), की नाडी, बीपी, घाम बघून घे. एक हुकूम मध्यमेंदूत, तिथं एका बारीक नळीभोवती करड्या पेशींचा थर असतो, मुली परीक्षेत पीएजी लिहितात तो. या थराच्या पाठीकडच्या बाजूला विजेचा हलकासा झटका दिला तर उंदीर सुसाट पळतो, उड्या मारतो. पोटाकडच्या बाजूला इजा केली तर उंदीर नेहमीसारखा थिजतच नाही. म्हणजे पळायची वायरिंग वेगळी आणि थिजायची वेगळी. थिजणं म्हणजे काहीच न होणं नव्हे रे. स्नायू ताठ, डोळे टक्क उघडे, आणि गंमत अशी की त्या वेळात नाडी मंदावते. तुझी थरथर घरी आल्यावर सुरू झाली ना, ती नंतरची.

आणि लढा किंवा पळा हे अर्धंच सांगितलं जातं. मायकेल फॅन्सलो म्हणून शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी उंदरांवर काम करून धोका किती जवळ आलाय यावर सगळी मांडणी केली. शिकारी आसपास असू शकतो एवढंच माहीत असेल तर उंदीर बिळातून कमी वेळा निघतो, एकदम जास्त खाऊन घेतो. शिकारी दिसला पण अंतर आहे, तर थिजतो. अंगाशीच आला तर उडी, चावा, आरडाओरड. तुझे वीस फूट मधल्या पायरीवरचे होते. शिकार करणाऱ्या जनावराची नजर हालचालीवर जाते, म्हणून न हलणारे जास्त वाचले आणि त्यांचीच पिल्लं पुढं चालली. तू त्यांचाच नातू.

पाटावरचा_बापू :
मावशी हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतो, बायकोला वाचू दे. पण मोटार?

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
मोटारीचं असं की अमिग्डालाच्या त्या बाहेरच्या अंगात एकाच पेशीवर दोन बातम्या येऊन पडतात, एक साधी (मोटारीची घरघर) आणि एक भयंकर (बिबट्या). दोन्ही एका क्षणाला आल्या की साध्या बातमीचा सांधा पण घट्ट होतो, पुढच्या वेळी ती एकटी आली तरी पेशी पेटते. १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अमेरिकेत एका तान्ह्या बाळावर हे करून दाखवलं, आज कुणी परवानगी देणार नाही असा प्रयोग. बाळ पांढऱ्या उंदराला हात लावायचं तेव्हा मागं लोखंडी कांब हातोड्यानं ठोकायची. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर बघून रडायला लागलं, मग ससा बघून, मग केसाळ कोट बघून. बिबट्याचा फोटो तू हजार वेळा सोफ्यावर बसून बघितलायस, त्याला जुनी निवांत ओळख आहे. मोटारीच्या आवाजाकडं तू आयुष्यात कधी लक्षच दिलं नव्हतंस, पाटी कोरी होती.

शंकासुर_सातपूर :
मावशींचं पटलं, पण या विषयावर रील्स बघून लोक अमिग्डाला म्हणजे भीतीचं बटण असं जे समजायला लागलेत त्याच्यावर थोडं पाणी ओततो. सगळ्यांना तो छोटा रस्ता-मोठा रस्ता माहीत असतो, थॅलॅमसमधून (डोळ्या-कानांच्या बातम्या पुढं वाटणारं मेंदूतलं ठाणं) थेट अमिग्डालात जाणारा घाईचा रस्ता आणि मेंदूच्या सालीतून फिरून येणारा सावकाश रस्ता. जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञांनी १९९६ च्या पुस्तकात तो प्रसिद्ध केला. पण घाईच्या रस्त्यानं बातमी बारा मिलिसेकंदांत पोचते वगैरे आकडे उंदराचे आणि आवाजाचे आहेत, माणसाच्या डोळ्यासाठी तो घाईचा रस्ता किती कामाचा आहे यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि खुद्द लेडू नंतर म्हणायला लागले की मी भीतीचं सर्किट हा शब्द वापरायला नको होता, हे बचावाचं सर्किट आहे. म्हणजे थिजणं, नाडी, घाम हे ते सर्किट करतं. "मला भीती वाटतेय" ही जी जाणीव, ती वरची साल बनवते, आणि दोन्ही एकमेकांना सोडून पण चालू शकतात. बापू, तुला त्या क्षणी भीती वाटली होती का, खरं सांग.

पाटावरचा_बापू :
आयला. नाही वाटली. खरंच नाही. त्या वेळी मी बघत होतो की त्याच्या एका कानाला कातर आहे. भीती कॉलनीच्या गेटपाशी आली.

शंकासुर_सातपूर :
हेच. आता दुसरी बाजू ऐका. एस. एम. नावानं ओळखली जाणारी एक अमेरिकन बाई, एका दुर्मिळ आजारानं तिचे दोन्ही बदाम निकामी झालेले. १९९४ मध्ये तिच्यावर पहिला गाजलेला पेपर आला, की तिला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. २०११ च्या अभ्यासात तिला साप वगैरे विकणाऱ्या दुकानात नेलं, एरवी साप आवडत नाहीत म्हणणारी ही बाई साप हातात घेऊन खेळवत बसली आणि मोठ्या, धोकादायक सापांना पण हात लावू द्या म्हणून मागं लागली. भुताच्या वाड्यात नेलं तर भूत झालेल्या माणसालाच तिनं बोट टोचून बघितलं. झालं सिद्ध, बदाम नाही तर भीती नाही. आणि मग २०१३ मध्ये तिला आणि तसल्याच आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साईड असलेली हवा एक श्वास ओढायला दिली, तर तिघींना पॅनिक अटॅक आला. एस. एम. तोंडावरचा मास्क ओढायला लागली. बदाम नसताना! बाहेरचा साप ओळखायला बदाम लागतो, आतून गुदमरण्याचा धोका दुसऱ्याच वाटेनं कळतो. म्हणून एक केंद्र, एक बटण असं काही नसतं.

निफाडचा_शेतकरी :
आमच्याकडं हे रोजचंय. ऊस तोडणी आली की मादी पिल्लं घेऊन बाहेर निंघती. मला सांगायचंय ते येगळंच. तुम्ही सगळे माणसाच्या बदामाचं बोलताय, बिबट्याला पण असंलच की बदाम? शहरात तो घुसतो तेव्हा टीव्हीवर बघा, पाचशे माणसं, गच्चीवर, भिंतीवर, शिट्ट्या, दगड. तो बिचारा पहिला पळायला बघतो, मग जिन्याखाली दबून बसतो, आन मग कोणीतरी पार जवळ जातं तेव्हा अंगावर येतो. मग पेपरात छापून येतं की पिसाळला.

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
निफाडकर, तुम्हाला पीएचडी देऊन टाकायला हवी. ब्लँचर्ड नवरा-बायको दोघे शास्त्रज्ञ, त्यांनी रानटी उंदरांवर नेमकं हेच मोजलं होतं. वाट मोकळी असेल तर पळ, वाट बंद असेल तर थिज, आणि माणूस अगदी हातभर अंतरावर आला की किंचाळून झेप. म्हणून वनखात्याची पहिली विनवणी असते की गर्दी हटवा. १९२६ हा त्यांचा हेल्पलाइन नंबर आहे, सेव्ह करून ठेवा, शिट्ट्या नंतर मारा.

कॉलेजरोड_पायी :
मी इथं फक्त वाचते, कधी लिहीत नाही. बापूंचं वाचून राहवलं नाही. सात वर्षांपूर्वी संध्याकाळी चालून परत येत होते, मागून बाईक हळू झाली आणि गळ्यातलं ओढलं. मी ओरडले नाही. पन्नास पावलांवर किराणा दुकान उघडं होतं, माणसं होती, मी नुसती उभी राहिले, ते गेले, तरी उभीच. तक्रार लिहून घेणाऱ्या माणसानं तीनदा विचारलं की मॅडम तुम्ही ओरडला का नाहीत. घरी पण विचारलं. सासूबाई तर म्हणाल्या की मीच काढून दिलं असेल. बाईकचा रंग विचारला, मी लाल म्हणाले, सीसीटीव्हीत ती काळी निघाली, मग तर मी खोटंच बोलतेय असं झालं. मला मागच्या पोराच्या मनगटावरचा काळा-पिवळा दोरा अजून दिसतो, गाठ सुद्धा दिसते, आणि रंग लाल कसा म्हणाले ते कळत नाही. अजून मागून कुठलीही गाडी हळू झाली की मी भिंतीला चिकटते.

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
ताई, ज्यानं तीनदा विचारलं त्याच्या वर्गाला मी एक तास फुकट शिकवायला तयार आहे.

आवाज काढायच्या वायरिंगमध्ये सुद्धा तोच मध्यमेंदूतला करडा थर असतो. शरीर थिजवणारं आणि किंचाळी सोडणारं शेजारी-शेजारी राहतात, कुठलं सुटेल ते तुम्ही ठरवत नाही. याच्या पुढची एक पायरी असते, धरलं गेल्यावर शरीर लुळं किंवा दगड होतं ती, कोंबडी उलटी धरली की निपचित पडते तशी. स्टॉकहोमच्या एका दवाखान्यात बलात्कारानंतर आलेल्या २९८ बायकांना विचारून २०१७ मध्ये अभ्यास छापला गेला, त्यातल्या ७० टक्के बायकांनी सांगितलं की अंग लक्षणीय प्रमाणात गोठलं होतं. दहातल्या सात. आणि त्यांना पण सगळ्यांनी तेच विचारलेलं असणार, ओरडली का नाहीस.

आता दोरा आणि लाल रंग. झटका बसला की ॲड्रेनलिन सुटतं, मेंदूत नॉरॲड्रेनलिन वाढतं, ते अमिग्डालामार्फत शेजारच्या, आठवणी नोंदवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला सांगतं की हे पक्कं लिहून ठेव. जेम्स मॅगॉ या शास्त्रज्ञांनी अख्खं आयुष्य यावर घातलं. १९९४ मध्ये त्यांच्या टीमनं लोकांना चित्रं दाखवत एक गोष्ट सांगितली, मध्यावर मुलाला अपघात होतो. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांना अपघाताचा भाग जास्त आठवला. ॲड्रेनलिनला अडवणारं प्रोप्रानोलोल घेतलेल्यांना तेवढा नाही, साधा भाग मात्र सारखाच आठवला. (ही बीपीची गोळी आहे, दमेकऱ्यांना धोक्याची, कुणी मनानं घेऊ नका.) पण पक्कं लिहिलं म्हणजे सगळं लिहिलं असं नाही. लक्ष जिथं खिळलं तेवढंच ठळक, तुमचं दोऱ्यावर खिळलं, बापूचं कातरलेल्या कानावर. बाकीच्या जागा मेंदू नंतर गुपचूप भरतो आणि आपल्याला त्या पण तितक्याच खऱ्या वाटतात. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नायसर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठं, कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं तर कित्येकांनी भलतंच सांगितलं, आणि वर छातीठोकपणे. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवल्यावरही काहींना पटेना. ही पोरं काय खोटं बोलत नव्हती.

कॅम्पातला :
आमच्या देवळालीत तोफांचा सराव चालतो, खिडक्या वाजतात, आम्ही चहा पीत असतो. सांगलीची वहिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या आठवड्यात पलंगाखाली जायची बाकी राहिली होती, आता तीच पाहुण्यांना सांगते "काही नाही, फायरिंग आहे". पण आमचं कुत्रं. फायरिंगला कान पण हलवत नाही आणि दिवाळीत लवंगी फुटली की बाथरूममध्ये. तोफ मोठी का लवंगी?

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
तोफ लांबून, ठराविक, आणि तिच्यामागून कधी काहीच झालं नाही. शंभर वेळा पोकळ धमकी मिळाली की सर्किट त्या आवाजापुरतं लक्ष देणं सोडतं. लवंगी वर्षातून चार दिवस, अंगाजवळ, कधी कुठून फुटेल नेम नाही. किती मोठा आवाज यापेक्षा कधी येईल ते कळत नाही याचा ताण जास्त.

वाड्यातली_सून :
आमचा वाडा सराफ बाजाराजवळ, २००८, २०१६, २०१९ तिन्ही पूर बघितलेत. नदीला पाणी आलं की सगळं नाशिक नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडं बघतं, कमरेपर्यंत आलं का, छातीपर्यंत आलं का. आमच्या आजेसासूबाई मात्र पाणी गुडघ्याला असतानाच धान्याचे डबे माळ्यावर चढवायला लावतात, रात्री तीनला उठवून सुद्धा. २०१९ ला त्यांच्यामुळंच सगळं वाचलं हे कबूल. पण नुसता जोरात पाऊस आला, धरणातून सोडलेलं पण नाही, तरी त्या जिन्यावर बसून राहतात. आणि यातलं खरं विचित्र म्हणजे त्याच पुण्याला दिरांकडं पाचव्या मजल्यावर गेल्या की कितीही धो-धो पडू दे, घोरतात.

शंकासुर_सातपूर :
पाचव्या मजल्यावर मी पण घोरेन 😀 पण ही जागेची भानगड खरी आहे. हा पाऊस कुठला आणि आपण कुठं आहोत हे हिप्पोकॅम्पस सांगतो, आणि भीती कुठं चालू करायची ते त्यावरून ठरतं. उंदराला एका पिंजऱ्यात शॉक दिला तर त्या पिंजऱ्यात ठेवल्याबरोबर थिजतो, दुसऱ्या वासाच्या, दुसऱ्या आकाराच्या पिंजऱ्यात निवांत.

पाटावरचा_बापू :
म्हणजे मी पुण्याला शिफ्ट होऊ? सिरियसली, हे जातं कसं? पुसून टाकायची काही सोय आहे का?

शंकासुर_सातपूर :
पुसायची आशा २००० साली फार वाढली होती. नादेर, शेफ आणि तेच लेडू या शास्त्रज्ञांनी दाखवलं की उंदराला जुनी भीती आठवून दिली की ती आठवण थोडा वेळ कच्ची होते, तेवढ्यात अमिग्डालात प्रोटीन बनणं थांबवणारं औषध टोचलं तर ती परत नीट बसतच नाही. त्याच्यावर माणसांत प्रयत्न झाले, कधी जमलं कधी अजिबात नाही, दुसऱ्या लॅबनं केलं की गायब. त्यामुळं गोळीची वाट बघू नकोस.

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
पुसत नाही, वर दुसरं लिहितात. हे पावलोवच्या कुत्र्यांपासून माहीत आहे. घंटी वाजली की जेवण येतं हे शिकून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला घंटीनंतर जेवण देणं बंद केलं की लाळ थांबते, पण मध्ये विश्रांती देऊन परत घंटी वाजवली की थोडी येतेच. म्हणजे जुनं गेलं नव्हतं. कपाळामागच्या सालीचा खालचा मधला भाग ही "आता काही होत नाही" वाली नवी आठवण सांभाळतो आणि अमिग्डालाला दाबून धरतो. मिलाद आणि क्वर्क या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उंदरांच्या याच भागातल्या पेशी या नव्या आठवणीच्या वेळी बोलताना ऐकल्या, आणि तिथं विजेचा झटका दिला तर उंदीर कमी थिजले. अडचण एकच, ही नवी आठवण जागेला चिकटून असते. डॉक्टरच्या खुर्चीत मोटारीचा आवाज ऐकून बरा झालास तरी पाटावर परत गोळा येईल. म्हणून पाटावरच जा. कुणाला बरोबर घे, मोटार चालू होऊ दे, गोळा येऊ दे, आणि तो उतरेपर्यंत थांब. मध्येच पळालास तर शिकवण उलटी बसते. ताईंचं मात्र सात वर्षांचं आहे, त्यांनी हे एकटीनं न करता चांगल्या मानसोपचार तज्ज्ञाकडं जावं असं मला मनापासून वाटतं.

निफाडचा_शेतकरी :
मावशी माफ करा, पण तिथं खरंच बिबट्या हाये. संध्याकाळी उसाकडंला भीती जाईपर्यंत थांबा म्हंजे औषध का जेवण?

फिजिऑलॉजीवाली_मावशी :
😂 बरोबर. सकाळी दहाला जा रे बापू. बिबट्याची भीती राहू दे, ती कामाची आहे, संध्याकाळी त्या रस्त्यानं येताना गाडीवर मोठ्यानं गाणी लाव. घालवायची आहे ती मोटारीची.

पाटावरचा_बापू :
अपडेट. तीन रविवार झाले. पहिल्या वेळी भाचा आणि मी दोघं गेलो, मळेवाल्याला सांगून मोटार चालू करायला लावली, तो बघतच राहिला की हे कशासाठी. गोळा आला, घाम आला, घड्याळ लावून बसलो होतो, उतरायला सतरा मिनिटं लागली. दुसऱ्या रविवारी नऊ. काल मोटार लागली तेव्हा आम्ही द्राक्षांचा भाव काय यावर बोलत होतो, लक्षातच आलं नाही. पण परवा रात्री पाहुण्यांकडं दिंडोरीला मोटार लागली आणि परत झालं. मावशी म्हणाल्या तसंच, जागा बदलली. आता दिंडोरीचे पण रविवार काढावे लागणार. भाचा एक बोलला, की मामा तू हलला नाहीस म्हणून मी पण उतरून पळालो नाही. हे त्यानं आत्तापर्यंत सांगितलंच नव्हतं.

कॉलेजरोड_पायी :
अपॉइंटमेंट घेतली आहे. आणि काल नणंदेनं परत तो विषय काढला तेव्हा "मी ओरडले नाही" असं नाही म्हणाले, "आवाज निघाला नाही" म्हणाले.

मिसळीत_पाव :
बापू, दिंडोरीला कुठल्या रविवारी? मी येतो, मला मोटारीची भीती नाही, पण पुढं मिसळ असेल तर सोबत करतो.